वाळवंटाच्या संशोधनाकडून सीमाभागाने काय घ्यावे?

पाऊस लांबला की बेळगाव जिल्ह्याच्या पूर्व तालुक्यांत पाण्याच्या वाट्याची चर्चा सुरू होते. कृष्णेचे किती, घटप्रभेचे किती, मलप्रभेत किती उरले, गोव्याकडे वाहणाऱ्या म्हादईचे कधी येणार. म्हादई जलतंटा लवादाने २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मंजूर केल्यापासून या चर्चेला आकड्याचाही आधार मिळाला आहे. आलेल्या पाण्याचे शेतात नेमके काय होते आणि पाणी आलेच नाही तर काय पिकवता येते, हे दोन प्रश्न मात्र तिच्यात क्वचितच येतात. जगातील वाळवंटी प्रदेशांत गेली सत्तर-ऐंशी वर्षे चाललेले शेतीसंशोधन याच दोन प्रश्नांभोवती उभे आहे. ते आपल्या कामाचे आहे, परंतु आपण त्यातला सोयीचा तेवढा भाग उचलत आलो आहोत, असे माझे मत आहे. ठिबकच्या नळ्या आल्या, शेततळ्याचे प्लास्टिक आले, निवडुंगाच्या कुळातले ड्रॅगन फ्रूट आले. त्या वस्तू ज्या हिशेबातून जन्मल्या तो पाण्याचा आणि क्षारांचा हिशेब मात्र आपल्याकडे पोहोचला नाही.

‘आमचा भाग म्हणजे काही वाळवंट नव्हे’ असे कोणी म्हणेल, तर ते बरोबरच आहे. खानापूर तालुक्यात कणकुंबीच्या बाजूला पाऊस काही हजार मिलिमीटर पडतो, आणि तेथून सरळ रेषेत जवळपास दीडशे किलोमीटर ईशान्येला अथणीत तो जेमतेम पाचशे-साडेपाचशेवर येतो. थरच्या वाळवंटाच्या पूर्व कडेलाही एवढाच पाऊस पडतो. जोधपूरला साडेतीनशेच्या आसपास आणि जैसलमेरला दोनशेच्याही आत. पावसाच्या मापाने अथणी, रायबागचा काही भाग, सौंदत्ती, रामदुर्ग आणि पलीकडे विजापूर हा पट्टा खानापूरपेक्षा जोधपूरला जवळचा आहे. फरक जमिनीचा आहे, आणि तो लहान नाही. वाळू पाणी लगेच पिते आणि लगेच सोडून देते. आपली खोल काळी जमीन एका मीटरच्या थरात पिकाला घेता येईल असा साधारण १५० ते २०० मिलिमीटर ओलावा धरून ठेवते. म्हणूनच ऑक्टोबरात पेरलेला शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, पुढे एकही पाऊस न पडता केवळ जमिनीतल्या ओलीवर निसवतो. त्यामुळे जोधपूरची शिफारस उचलून अथणीत लावा, असे मी म्हणणार नाही. तेथील शास्त्रज्ञांनी प्रश्न कसा मांडला, एवढेच मला पाहायचे आहे.

जोधपूरला १९५२ मध्ये वाळवंटात झाडे लावण्याचे एक केंद्र निघाले, आणि १९५९ मध्ये त्याचेच केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेत रूपांतर झाले. सरकते वाळूचे डोंगर थांबवणे हे तिचे पहिले काम होते. वाऱ्याच्या दिशेला आडव्या ओळींत काटेरी फांद्या रोवायच्या, त्यांच्या आडोशाला गवत आणि झाडे लावायची, अशी ही साधी पण चिकाटीची रीत होती. पुढे बोरीची कलमे, चाऱ्याची गवते, बाजरी, शेळ्या-मेंढ्या, सौर ऊर्जा असा व्याप वाढत गेला. अलीकडे तेथे सौर पट्ट्यांच्या ओळींमध्ये पिके घेतात आणि पट्ट्यांवरून ओघळणारे पावसाचे पाणी टाकीत साठवून त्याच पट्ट्या धुण्यासाठी आणि पिकांसाठी वापरतात. या सगळ्या कामात एक सूत्र दिसते. जे आहे ते आधी मोजायचे, मग त्यात काय बसते ते शोधायचे. हिसारच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीकसंशोधन संस्थेच्या साहाय्याने १९९० मध्ये दिलेला बाजरीचा एचएचबी ६७ हा संकरित वाण याचे चांगले उदाहरण आहे. एकरी उत्पन्नाचा विक्रम करावा म्हणून तो काढलेला नव्हता. पाऊस दोन महिन्यांत आटोपतो, तर पीकही साधारण ६५ दिवसांत आटोपले पाहिजे, एवढ्याच हेतूने तो निवडलेला होता. केवडा रोगाने तो खचू लागला तेव्हा २००५ मध्ये त्याची रोगप्रतिकारक आवृत्ती आली, आणि तीही जनुकांच्या खुणा तपासून केलेल्या निवडीतून. अत्याधुनिक शास्त्र आणि कोरडवाहू शेतकऱ्याचे बाजरीसारखे पीक यांची अशी गाठ आपल्याकडे फार वेळा पडलेली नाही.

या संशोधनातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग एका झाडाविषयी आहे. राजस्थानात खेजडी म्हणतात ती आपली शमी. दसऱ्याला आपण तिची पूजा करतो, कन्नड शेजारी बन्नी म्हणून तिचीच पूजा करतात, आणि उरलेले वर्षभर ट्रॅक्टरच्या आड येते म्हणून ती बांधावरून काढून टाकण्यात दोन्ही भाषांचे शेतकरी सारखेच पुढे असतात. थरमध्ये हे झाड भर शेतात उभे असते. त्याची मुळे फार खोल जातात, त्यामुळे वरच्या थरातल्या ओलाव्यासाठी त्याची पिकाशी झटापट कमी होते. ते शेंगवर्गीय आहे. त्याच्या खालच्या मातीत सेंद्रिय द्रव्य आणि नत्र उघड्या शेतापेक्षा जास्त सापडते, आणि बाजरी त्याच्या भोवती अधिक जोमाने येते, हे मोजमापांनी सिद्ध झालेले आहे. हिवाळ्यात शेतकरी त्याची छाटणी करतात. पाला गुरा-शेळ्यांना, फांद्या चुलीला आणि कुंपणाला, कोवळ्या शेंगांची भाजी. १७३० मध्ये जोधपूरजवळच्या खेजडली गावात हीच झाडे वाचवताना ३६३ बिष्णोई स्त्री-पुरुषांनी प्राण दिले. त्या बलिदानाला धर्माचा आधार होता हे खरे, पण झाड गेले की शेती जाते हा अनुभवही त्यामागे असणार. आपल्या शमीवर, बाभळीवर, बांधावरच्या कडुनिंबावर असे मोजमाप या पट्ट्यात व्हायला हवे. काळ्या जमिनीत शमीच्या घेराखाली शाळूचे काय होते, किती अंतरावर फायदा संपून तोटा सुरू होतो, छाटणी कोणत्या महिन्यात करावी, या प्रश्नांसाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. दहा-पंधरा वर्षे त्याच शेतात टिकून राहणारा प्रयोग लागतो, आणि आपल्या संशोधनव्यवस्थेला तेवढा दम नसतो ही खरी अडचण आहे.

वाळवंटातून आलेले सगळेच उपकारक असते असेही नाही. आपण जिला वेडी बाभूळ म्हणतो आणि कर्नाटकात जी बळ्ळारी जाली म्हणून ओळखली जाते, ती मूळची अमेरिका खंडातली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती भारतात आली, आणि १९४० मध्ये जोधपूर संस्थानाने तिला राजवृक्षाचा मान दिला. कोणत्याही मातीत येते, गुरे पाला खात नाहीत, जळण देते, असे तिचे गुण सांगितले गेले. ते खरेही होते. मात्र शेंगा खाऊन गुरे तिचे बी दूरवर नेतात आणि तोडली की ती बुडख्यापासून दुप्पट फुटते, याची दखल वेळेत घेतली गेली नाही. आज गायराने, तळ्यांचे काठ आणि पडीक शेते तिने व्यापली आहेत. एक गुण पाहून परकी वनस्पती पसरवण्याआधी तिला बांधून ठेवलेल्या जागेत वर्षानुवर्षे पाहावे लागते, हा धडा वाळवंटाच्या शास्त्रानेच स्वतःच्या अनुभवातून शिकवला आहे.

त्याहून मोठा धडा सौदी अरेबियाचा आहे. त्या देशाने भूगर्भात हजारो वर्षांपूर्वी साठलेले, पुन्हा न भरणारे पाणी उपसून गहू पिकवला. १९९२ च्या सुमारास उत्पादन ४० लाख टनांच्या आसपास गेले आणि वाळवंट गहू निर्यात करू लागले. जगाने कौतुक केले. २००८ मध्ये तेथील सरकारला शेतकऱ्यांकडून होणारी गव्हाची खरेदी टप्प्याटप्प्याने थांबवण्याचे जाहीर करावे लागले आणि २०१६ पर्यंत ती थांबलीही, कारण पाण्याची पातळी खोल खोल चालली होती. तंत्रज्ञान उत्तम होते, फवारे उत्तम होते, पैसा मुबलक होता. हिशेबच चुकलेला होता.

आता अथणीच्या पूर्व भागात, तेलसंगच्या बाजूला जाऊन पाहावे. द्राक्षांचे मांडव आहेत, बेदाण्याच्या शेडी आहेत, आणि माळावरच्या शेतकऱ्याने कर्ज काढून, रात्री जागून उभे केलेले हे वैभव कौतुकास्पदच आहे. पण शेजारी प्लास्टिकचे अस्तर असलेले शेततळे असते, आणि ते पावसाच्या वाहून आलेल्या पाण्याने भरण्याऐवजी पुष्कळदा बोअरच्या पाण्याने भरलेले असते. कृषी भाग्य योजनेतून कर्नाटकात २०१४ पासून जी कृषी होंडे, म्हणजे शेततळी, खोदली गेली त्यांचा मूळ हेतू वाहते पाणी अडवणे हा होता. अस्तरामुळे त्यातले पाणी झिरपत नाही, उन्हाने त्यातून वाफ होते, आणि खालच्या थरात मात्र तेवढे पाणी कमी झालेले असते. ठिबकनेही वाचलेले पाणी बहुधा जमिनीत राहत नाही; त्यावर आणखी दोन एकर बाग लागते. यात शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्याला फक्त नळी विकली गेली. गावाच्या शिवारात वर्षाला किती पाणी मुरते आणि किती उपसायला हरकत नाही, हा आकडा गावच्या फलकावर लावण्याची जबाबदारी कोणी घेतलेली नाही.

पाण्याइतकाच महत्त्वाचा हिशेब क्षारांचा आहे, आणि तो तर कोरड्या भागापेक्षाही कृष्णाकाठच्या ओलिताच्या गावांना जास्त लागू आहे. चिकोडी, रायबाग, अथणी या तालुक्यांत नदीलगत एके काळी सोन्यासारख्या असलेल्या जमिनी आज क्षारपड झालेल्या दिसतात. उन्हाळ्यात सरीच्या वरंब्यावर आधी पांढरी कड धरते, उसाचे शेंडे पिवळे पडतात, पुढच्या खोडव्यात जागोजाग तूट पडते, आणि काही वर्षांनी त्या तुकड्यात लव्हाळ्याशिवाय काही उगवत नाही. कारण ठाऊक आहे. उसाला एका हंगामात दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागते. मोकाट दिले तर त्याहून जास्त जाते. भारी काळ्या जमिनीतून ते खाली उतरत नाही. पाण्याची पातळी वर येते, ऊन पाणी ओढून घेते आणि क्षार मागे राहतात.

वाळवंटात हे आधीच घडून गेले आहे. राजस्थानच्या कालव्याचे काम १९५८ मध्ये सुरू झाले; आज त्याला इंदिरा गांधी कालवा म्हणतात. वाळू पाणी पिऊन टाकेल, मग निचऱ्याची चिंता कशाला, असा समज होता. पण कित्येक ठिकाणी वाळूखाली कठीण, न झिरपणारा थर निघाला आणि हनुमानगडच्या बाजूला शेतांची दलदल झाली. तेव्हा कालवा काढताना निचऱ्याचा चर त्याच अंदाजपत्रकात असला पाहिजे, हे शास्त्र नव्याने शोधण्याची आपल्याला गरज नव्हती. कर्नालला १९६९ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने भूमिगत निचऱ्याची पद्धत सविस्तर बसवून दिलेली आहे. जमिनीखाली मीटर-सव्वामीटरवर छिद्रे असलेले पाइप गाळणीच्या कापडात गुंडाळून घालायचे आणि ते पाणी नाल्याला काढायचे. अडचण वेगळीच आहे. एकाच्या शेतातले खारे पाणी दुसऱ्याच्या बांधावरून जाते आणि नाल्यातून शेवटी नदीत उतरते, जिथून खालच्या गावाची पिण्याची योजना पाणी उचलते. हा प्रश्न एका सातबाऱ्याचा राहत नाही, तो शिवाराचा होतो; आणि शिवाराचा निर्णय घेणारी कोणतीही यंत्रणा पाणी देणाऱ्या खात्यात किंवा ऊस नेणाऱ्या कारखान्यात दिसत नाही.

या ठिकाणी सूक्ष्मजीवांच्या संशोधनाचा उल्लेख करायला हवा, कारण पुढच्या काही वर्षांत त्याची जाहिरात जोरात होणार आहे. सौदी अरेबियातील किंग अब्दुल्ला विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी जिझान भागातल्या एका वाळवंटी झुडपाच्या मुळांच्या गाठींतून एसए १८७ नावाचा जिवाणू वेगळा केला. खाऱ्या पाण्यावर वाढवलेल्या लसूणघासाला त्याची मदत होते, हे त्यांनी शेतातही दाखवले. वनस्पतीची क्षार सोसण्याची यंत्रणाच तो चाळवतो. हे काम अस्सल आहे, आणि आपल्या क्षारपड तुकड्यांत तगून राहिलेल्या लव्हाळ्याच्या, हरळीच्या मुळांशी कोणते जिवाणू आहेत ते शोधणे धारवाडच्या किंवा बेळगावच्या तरुण संशोधकांना सहज जमण्यासारखे आहे. मात्र जिवाणू पिकाला क्षार सोसायला मदत करतो, क्षार जमिनीबाहेर काढत नाही. निचरा न करता बाटलीतले जिवाणू ओतणे म्हणजे ताप न तपासता पांघरूण वाढवणे होय. कृषी सेवा केंद्राच्या फळीवर अशी बाटली आली, तर दुकानदाराने हे सांगितले पाहिजे. तो सांगणार नाही, म्हणून विद्यापीठाने आधीच सांगून ठेवावे.

आपल्या भागाला या विषयात काहीच परंपरा नाही असे समजण्याचे कारण नाही. १९३३ च्या सुमारास सोलापूर, विजापूर, हगरी, रायचूर आणि रोहतक येथे कोरडवाहू शेतीच्या संशोधनाची केंद्रे निघाली. त्या वेळी बेळगाव, विजापूर आणि सोलापूर एकाच मुंबई इलाख्यात होते. पावसाळ्यात रिकाम्या रानात लहान लहान चौकोनी वाफे बांधून पडेल तेथेच पाणी मुरवायचे आणि मग रब्बीत शाळू पेरायचा, ही विजापूरची शिफारस आजही तितकीच खरी आहे. शाळू उभा असताना जमीन भेगाळू लागली की कोळपे घालून भेगा बुजवायच्या, म्हणजे आतली ओल उडून जात नाही. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे जुने लोक म्हणत ते उगाच नव्हे. इस्रायलमधल्या नेगेवच्या वाळवंटात वनस्पतिशास्त्रज्ञ मायकेल एव्हेनारी यांनी १९५० नंतरच्या काळात प्राचीन नबाती लोकांची शेते पुन्हा उभी केली, तीही याच जातीची होती. वर्षाला सुमारे १०० मिलिमीटर पावसात, एक हेक्टर शेताला वीस-तीस हेक्टर उघड्या उताराचे पाणी वळवून त्यांनी फळझाडे आणि धान्य घेतले. आपल्या शेतांच्या डोक्यावर मुरमाड माळ आहेत. त्यांवरून वाहणारे पाणी कोणाच्या शेताला किती मिळावे, याचा विचार मात्र बांध घालणाऱ्या योजनांत क्वचितच होतो.

१९५६ ला राज्ये बदलली. पुढे राहुरीचे कृषी विद्यापीठ १९६८ मध्ये आणि धारवाडचे १९८६ मध्ये झाले. कोरडवाहू शेतीच्या अखिल भारतीय प्रकल्पात सोलापूर आणि विजापूर ही दोन्ही केंद्रे १९७० पासून आहेत, तेव्हा शास्त्रज्ञांची गाठभेट होत नाही असे नाही. पण शिफारस शेतकऱ्याकडे येते ती राज्याच्या खात्यातून. महाराष्ट्रातले जत आणि कर्नाटकातले अथणी यांच्यामध्ये माती बदलत नाही, पाऊस बदलत नाही, पिके आणि कीडही बदलत नाहीत. फक्त पुस्तिकेची भाषा आणि अनुदानाचा अर्ज बदलतो. अथणीतला मराठी शेतकरी राहुरीची दिनदर्शिका विकत आणतो, माती तपासणीचा अहवाल त्याला कन्नडमध्ये मिळतो, आणि शाळूची जात तो शेवटी बाजारात बियाणेवाल्याला विचारून ठरवतो. सीमेच्या वादात मला येथे शिरायचे नाही. संशोधनाचे विभाग पावसाच्या रेषांवर पाडावेत आणि त्याचे निष्कर्ष दोन्ही भाषांत छापावेत, यासाठी कोणत्याही वादाचा निकाल लागण्याची वाट पाहावी लागत नाही.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप पैशाचा आहे. उसाला कारखाना आहे, ठरलेला दर आहे, उशिरा का होईना बिल येते. शाळूला, करडईला, हरभऱ्याला असे कोण आहे? २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष झाले, भाषणे झाली, आणि शाळूचा भाव पुन्हा आवकेवर जाऊन बसला. हा आक्षेप मला मान्य आहे. शेतकरी पाण्याचा हिशेब शिकला नाही म्हणून ऊस लावतो असे नाही. त्याने दुसराच हिशेब नीट शिकलेला आहे. परंतु दराचे धोरण ठरवणाऱ्यांपुढे आज संशोधनातून जो आकडा ठेवला जातो तो एकरी टनांचा असतो. दर मिलिमीटर पाण्यामागे किती धान्य, किती कडबा आणि किती रुपये हाती आले, हा आकडा प्रत्येक प्रयोगाच्या तक्त्यात सक्तीने आला, तर शाळू, तूर आणि बाजरी आज दिसतात तितकी दुबळी दिसणार नाहीत. शाळूला उसाच्या पाण्याचा चौथा-पाचवा हिस्सा पुरतो. त्यावर कडब्याच्या किमतीचा विचार केला, तर दुष्काळी वर्षात चित्र आणखी बदलते.

त्या तक्त्यात मेंढरेही यावीत. जैसलमेरचे सेवण गवत आणि कोरड्या भागातले अंजन गवत यांच्यावर जोधपूरला झालेले काम धान्याच्या कामाइतकेच मोलाचे मानले जाते, कारण तेथे शेतकरी तगतो तो जनावरांवर. आपल्याकडे धनगर आणि कुरुब समाजाचे कळप आजही पट्ट्यापट्ट्याने फिरतात, आणि त्यांना रात्रभर रानात बसवून घेण्यासाठी शेतकरी धान्य किंवा पैसे मोजतात. हे खत विद्यापीठाच्या शिफारशीत नावापुरते असते, आणि त्याला आधार देणारी गायराने अतिक्रमणात, वेड्या बाभळीत किंवा सरकारी इमारतींत गेलेली असतात. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष गवताळ कुरणे आणि पशुपालक यांच्यासाठी ठरवले आहे. त्या निमित्ताने अथणी, सौंदत्ती आणि रामदुर्ग तालुक्यांत प्रत्येकी एका गायरानावर वेडी बाभूळ काढून अंजन गवत आणि शमी लावावी, तेथे चराईचे नियम मेंढपाळांना विचारून ठरवावेत, आणि किमान दहा वर्षे तेथील गवत, माती व विहिरींच्या पातळीची नोंद धारवाड व सोलापूर या दोन्ही ठिकाणच्या शास्त्रज्ञांनी मिळून ठेवावी. म्हादईच्या कालव्याच्या एका किलोमीटरलाही यापेक्षा जास्त खर्च येईल.